फिरती पंगत

आपण कोणाच्या शेजारी बसून जेवतो, आपल्या पानात कोण वाढतो आणि आपल्या आधी व आपल्यानंतर कोणाची पाने मांडली जातात, या प्रश्नांना ज्या समाजात शतकानुशतके पदार्थांहून अधिक महत्त्व होते, त्या समाजात वाढलेल्या मनुष्याला परक्या देशातील भोजनगृहात शिरताच प्रथम दिसते ती बसण्याची व्यवस्था. पदार्थ नंतर दिसतात. कृष्णाकाठच्या वाईत ज्यांचे बालपण गेले आणि पुढे आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांत मराठी साहित्य शिकविण्यात ज्यांनी घालविली, अशा एका निवृत्त अध्यापकांचे तसेच झाले. हिवाळ्याच्या दिवसांत ते जपानमधील कानाझावा या शहरी, तेथे संशोधनासाठी राहत असलेल्या आपल्या लेकीकडे गेले होते. एका दुपारी ती त्यांना ओमिचो बाजाराजवळच्या एका सुशीगृहात घेऊन गेली.

दार सरकताच आतल्या साऱ्या सेवकांनी एका सुरात स्वागताचा पुकारा केला. मधोमध लांबट वर्तुळाकार ओटा होता. ओट्याच्या आतल्या बाजूस पांढऱ्या वेषातले तीन कारागीर उभे होते आणि बाहेरच्या बाजूस पाहुणे ओळीने बसले होते. दोहोंच्या मधून एक अरुंद पट्टा संथपणे सरकत होता. अर्धचंद्राच्या आकाराच्या पट्ट्या एकीत एक बसवून तो केलेला असल्यामुळे वळणावरही त्यात फट पडत नव्हती. त्यावरून लहान लहान बश्या चालल्या होत्या आणि प्रत्येक बशीत भाताच्या दोन मुटक्यांवर माशाचा एकेक काप निजविलेला होता. पट्टा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत होता. म्हणजे प्रदक्षिणेच्याच दिशेने. फरक इतकाच की येथे भक्त जागचे हलत नव्हते आणि नैवेद्यच प्रदक्षिणा घालीत होता.

अध्यापकांना पंगत आठवली यात नवल नव्हते. पंगतीतही जेवणारे स्थिर असतात आणि अन्न त्यांच्यासमोरून फिरते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूस, भाजी उजवीकडे, मध्ये भाताची मूद, हा नकाशा ठरलेला असतो. वाढपी मात्र सारखे येत-जात असतात. त्या वाढप्यांच्या हाती आणखी एक वस्तू असे, ती म्हणजे आग्रह. ‘नको’ म्हटल्यावर आणखी एक जिलबी पानात पडली नाही, तर यजमानाचा आदर उणा ठरे. या पट्ट्याला आग्रह ठाऊक नव्हता. बशी येई, क्षणभर समोर असे, आणि घेतली नाही तर कोणताही रोष न ठेवता पुढे निघून जाई. थोड्या वेळाने तीच पुन्हा येई. नकार कायमचा नसावा, ही त्या यंत्राची सोय अध्यापकांना फार आवडली.

या यंत्राचा जनक ओसाकाचा एक साधा सुशी-व्यावसायिक होता. योशिआकी शिराइशी हे त्याचे नाव. ओसाकाजवळच्या फुसे या कारखान्यांच्या वस्तीत तो कामगारांना उभ्या उभ्या स्वस्तात सुशी खाऊ घाली. गिऱ्हाईक वाढले, हात अपुरे पडू लागले. अशा वेळी बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून ओळीने चाललेल्या बाटल्या त्याने पाहिल्या आणि हीच युक्ती आपल्या दुकानात का चालू नये, असे त्याच्या मनात आले. १९५८ मध्ये त्याचे पहिले फिरत्या पट्ट्याचे दुकान उघडले. पट्टा किती वेगाने चालावा हाही प्रश्नच होता. फार हळू चालला तर खाणारा कंटाळतो, फार वेगाने चालला तर बशी हातून निसटते आणि माशाचा काप सुकतो. प्रयोगाअंती सेकंदाला ८ सेंटिमीटर हा वेग ठरला. १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात हा पट्टा लोकांनी पाहिला आणि पुढे तो देशभर पसरला. कानाझावा ज्या इशिकावा प्रांताची राजधानी आहे, त्याच प्रांतात आज जपानमधले जवळजवळ सगळे फिरते पट्टे तयार होतात; म्हणजे अध्यापक या पट्ट्याच्या माहेरीच जेवायला बसले होते.

स्वस्ताईच्या पोटी जन्मलेली ही युक्ती पुढे श्रीमंतांच्या घरीही गेली. सुशीचा स्वतःचा प्रवास याहून निराळा नाही. आरंभी ती मासा टिकविण्याची रीत होती: मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवीत, आणि खाताना भात टाकून देत. बिवा सरोवराच्या काठी अशी सुशी अजून होते. मग भात टाकण्याऐवजी खाल्ला जाऊ लागला, आंबवण्याऐवजी शिरका आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हाताने दाबलेल्या मुटक्यावर ताज्या माशाचा काप ठेवण्याची रीत रूढ झाली. तिचे श्रेय सामान्यतः हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. ते रस्त्यावरचे खाणे होते, घाईच्या माणसाचे. त्याला प्रतिष्ठा आली ती मागाहून. प्रतिष्ठेबरोबर एक भयही आले: मोठ्या सुशीगृहांत पुष्कळदा दर लिहिलेलाच नसे, त्या दिवशीच्या बाजारभावाप्रमाणे किती पैसे होतील हे उठल्यावरच कळे. फिरत्या पट्ट्याने हे भय दूर केले. बशीचा रंग हाच तिचा दर. साध्या दुकानांतून दीर्घकाळ शंभर येनांना बशी मिळे. या सुशीगृहात मात्र काळ्या बशीला सोनेरी कड होती आणि तिची किंमत हजार येनांहून अधिक होती. कानाझावा हे सोन्याच्या वर्खाचे गाव. जपानचा जवळजवळ सगळा वर्ख येथे कुटला जातो. त्यामुळे ती कड शोभून दिसत होती. पण पंक्तिभेद नाही असे जिथे वाटले होते, तिथेही बशांच्या रंगांनी तो हळूच शिरला आहे, हेही अध्यापकांच्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही. कोणाच्या समोर कोणत्या रंगाची चवड वाढते आहे, ते सर्वांना दिसत होते.

लेकीने त्यांना तिथली रीत समजावून दिली. प्रत्येक आसनासमोर गरम पाण्याची तोटी असते. पेल्यात हिरव्या चहाची पूड घालायची आणि पेल्याने तोटीची कळ दाबायची. आल्याचे आंबट-गोड काप दोन घासांच्या मध्ये खायचे, म्हणजे आधीच्या माशाची चव जिभेवरून जाते. सुशी हाताने खाल्ली तरी चालते. हे शेवटचे ऐकून त्यांना घरी आल्यासारखे वाटले. वाईच्या घरात मासा कधी शिरला नव्हता. कोलकात्याच्या वास्तव्यात ते तो खायला शिकले. पण कच्चा मासा त्यांनाही नवा होता. पहिला घास त्यांनी जरा धास्तीनेच घेतला. तो थंडीतल्या बुरीचा होता. या माशाचे नाव वयाबरोबर बदलत जाते आणि पूर्ण वाढल्यावरच त्याला बुरी म्हणतात. नंतरचा नोदोगुरो. त्या नावाचा अर्थ काळ्या घशाचा. ‘म्हणजे आपला नीलकंठ,’ अध्यापक म्हणाले, आणि लेक हसली. कारागिराने त्यावर क्षणभर ज्वाला फिरविली होती; वितळलेली चरबी खालच्या भातात उतरली होती. भात कोमट होता, मासा गार होता, आणि तोंडात गेल्यावर मूद आपोआप सुटी झाली.

ती मूद वळताना पाहणे हा त्या जेवणाचा अर्धा आनंद होता. कारागीर उजव्या हाताने भात उचले, डाव्या तळहातावर माशाचा काप घेई, बोटाने त्याला किंचित वासाबी लावी आणि दोन-तीन दाबांत मूद सिद्ध होई. किती दाबावे हे त्याचे बोटच जाणे. अधिक दाबले तर गोळा घट्ट होतो, कमी दाबले तर उचलताना फुटतो. १९८१ मध्ये भाताच्या मुटक्या पाडणारे यंत्र निघाले आणि स्वस्त दुकानांतून आता त्याचेच राज्य आहे. या सुशीगृहात लोक अधिक पैसे मोजत होते ते माशाइतकेच त्या हातासाठी. एका मनुष्याच्या उघड्या तळहाताचा स्पर्श हीच तेथे विकली जाणारी चीज होती, आणि अध्यापक ती मोठ्या रसिकतेने खात होते.

त्यांच्या उजव्या हाताला एक वृद्ध गृहस्थ एकटेच बसले होते. वय ऐंशीच्या पुढचे असावे. त्यांचा हात कापत होता. त्यांच्यासमोर गोड कोळंबीची बशी आली. त्यांनी ती उचलली; बोटभर वर आली असेल नसेल, तोच हात हेलकावला. बशी पडू नये म्हणून त्यांनी ती घाईने सावरली, तेव्हा त्यांचा अंगठा एका कोळंबीवर आणि तिच्याखालच्या भातावर टेकला. गडबडीत बशी पुन्हा पट्ट्यावर गेली. एकदा उचललेली बशी परत ठेवू नये, हा तिथला अलिखित नियम. वृद्धांनी मान खाली घातली. कोणी काही बोलले नाही.

लेक पलीकडे दुसरीकडे पाहत होती; तिला हे दिसले नव्हते. ‘बाबा, ती कोळंबी येते आहे. इथली प्रसिद्ध आहे. घ्या,’ ती म्हणाली.

एका आसनापासून दुसऱ्या आसनापर्यंत बशीला यायला सात-आठ सेकंद लागतात. अध्यापकांचा हात उचललेलाच होता. बशी समोर आली, आणि तो हात तिच्यावरून वळून चहाच्या पेल्याकडे गेला.

‘का हो?’

‘राहू दे. चहा गार होतोय.’

चहा गार होत नव्हता. आपण खोटे बोललो हे अध्यापकांना तत्क्षणीच कळले. त्यांनी मनाशी सारवासारव केली: हा स्वच्छतेचा विचार आहे, यात गैर काय? तसा तो होताही. कारागिराचे हात क्षणोक्षणी धुतले जात होते, वृद्धाच्या अंगठ्याविषयी तसे म्हणता येत नव्हते. परंतु हात मागे आला तो हा विचार मनात येण्यापूर्वी. विचार मागून धावत आला होता. आधी आला होता तो अंगावरचा एक जुना शहारा, आणि त्याची ओळख पटायला त्यांना वेळ लागला नाही.

वाईच्या वाड्यात मुंज होती. मुलाचे वय दहा वर्षांचे होते. आतल्या पंगती आटोपल्या, मग सुतार-न्हाव्यांच्या पंगती पडवीत झाल्या, आणि सर्वांच्या शेवटी अंगणाबाहेर, चिंचेखाली, काही माणसे पत्रावळी घेऊन बसली. त्यांत नदीवर मुलाबरोबर पोहणारा एक सवंगडीही होता. वाढायला मोठे कोणी उरले नव्हते म्हणून लाडवांचे ताट मुलाच्या हाती देण्यात आले आणि आतून बजावणी झाली: ‘वरून सोड रे, हात लावू नकोस.’ मुलाने वरून सोडले. एक लाडू पत्रावळीवर न पडता मातीत पडला. सवंगड्याने तो उचलला, फुंकर मारून माती झाडली, आणि मुलाकडे पाहत तोंडात टाकला. त्या पाहण्यात राग नव्हता. दोघांनाही ती रीत ठाऊक होती. पुढे ते दोघे नदीवर भेटले असतील. पण त्या भेटी अध्यापकांना आठवत नाहीत, लाडू आठवतो.

या प्रसंगाविषयी ते कधी कोणाशी बोलले नव्हते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते तरुण प्राध्यापक होते. पुढे अनेक वर्षे त्यांनी ते पुस्तक वर्गात शिकविले, त्यावर प्रश्नपत्रिका काढल्या, निबंध लिहिले. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीचे सभासद जातीचा निर्बंध मोडून गुप्तपणे एकत्र खात, आणि ती गुप्तता फुटताच मंडळी मोडली, हे ते विद्यार्थ्यांना रंगवून सांगत. केरळात चेराई येथे सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ मध्ये घडवून आणलेले मिश्रभोजन, आणि नुसत्या सहभोजनाने जात मोडणार नाही हा डॉ. आंबेडकरांचा १९३६ मधील स्पष्ट निर्वाळा, हे दोन्ही त्यांच्या व्याख्यानांत येई. चिंचेखालचा लाडू मात्र कधी आला नाही. व्याख्यानांत अन्याय करणारे हात नेहमी दुसऱ्या कोणाचे तरी असत.

आणि आता साठ-पासष्ट वर्षांनंतर, जिथे त्यांची जात कोणाला विचारायचीही नव्हती आणि कळण्याचीही शक्यता नव्हती, तिथे तोच हात तसाच मागे आला होता. तो कोणाच्या जातीपासून मागे आला नव्हता, हे खरे. वृद्धाची जात कोणती असणार! पण विटाळ शिकलेले शरीर जातीची चौकशी करीत बसत नाही. त्याला जवळ येणारे बोट पुरते.

‘जपानी भाषेत उष्ट्याला काय म्हणतात?’ त्यांनी लेकीला विचारले.

तिने थोडा विचार केला. ‘पानात टाकलेल्याला शब्द आहे, बाबा. तोंड लावलेले, असेही म्हणतात. पण आपले उष्टे, तसा एक शब्द मला नाही माहीत.’

संस्कृतातले उच्छिष्ट मराठीत उष्टे झाले. हिंदीत जूठा आहे, बंगालीत एँटो, कन्नडात एंजलु, तमिळमध्ये एच्चिल. भारतीय भाषा एकमेकींपासून कितीही दूर गेलेल्या असोत, या एका शब्दाच्या बाबतीत त्या एकाच ओसरीवर बसलेल्या दिसतात. तौलनिक अभ्यासाला असाही विषय होऊ शकेल, असे अध्यापकांच्या मनात आले आणि त्या विचाराची त्यांना लगेच लाज वाटली. कारण हाही पेल्याकडे वळलेलाच हात होता.

जपान विटाळापासून मुक्त आहे असे नव्हे. ‘केगारे’ ही अशुद्धीची कल्पना तेथे जुनी आहे. कातडे आणि मृत जनावरे यांचे काम करणाऱ्या वस्त्या तिच्यामुळेच वेगळ्या पडल्या, आणि १८७१ च्या फर्मानाने कायद्यातला भेद मिटला तरी मनातला लगेच मिटला नाही. फिरत्या पट्ट्यावरही अलीकडे एक संकट येऊन गेले. २०२३ च्या जानेवारीत एका साखळी दुकानात एका तरुणाने सोया सॉसच्या बाटलीला जीभ लावली, थुंकी लावलेले बोट पट्ट्यावरच्या सुशीला टेकले, आणि त्याचे चित्रण देशभर पसरले. लोकांना किळस आली, संताप आला. काही दुकानांनी पट्ट्यावर बश्या फिरविणेच थांबविले. आता पडद्यावर बोट ठेवून मागणी नोंदवायची आणि बशी थेट त्याच आसनासमोर येऊन थांबायची. अर्धशतकाहून अधिक काळ अनोळखी माणसांच्या तोंडांसमोरून उघडे अन्न फिरत राहिले होते. ते पट्ट्याच्या बळावर फिरत नव्हते. आपल्या आधी बसलेल्याने त्यात काही केले नसेल, हा विश्वास त्याला फिरवीत होता. त्या तरुणाने जाणूनबुजून तो विश्वास मोडला. वृद्धाच्या अंगठ्याने काय मोडले होते? काहीच नाही. दोन्ही ठिकाणी अंग शहारते, म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. मनुष्याने एवढा विवेक तरी केला पाहिजे, आणि तो सात-आठ सेकंदांत होत नाही.

बशी आता वळणावरून पलीकडे गेली होती. पट्टा चोवीस मीटरांचा धरला तर सेकंदाला ८ सेंटिमीटरने फेरी पाच मिनिटांची. अध्यापकांनी मनाशी ठरविले: ती पुन्हा येईल तेव्हा घ्यायची. नकार कायमचा नसतो, हे या पट्ट्याचे वैशिष्ट्य त्यांनीच तर हेरले होते. ते बशीकडे पाहत राहिले. तिच्यापुढे सोनेरी कडेच्या दोन बश्या होत्या, मागे अंड्याच्या पिवळ्या वडीची एक. पलीकडच्या बाजूस दोन विद्यार्थिनी गप्पा मारीत बसल्या होत्या. त्यांपैकी एकीने बोलता बोलता हात पुढे केला, बशी उचलली आणि पहिली कोळंबी तोंडात टाकली. तिने मागचे काही पाहिले नव्हते. तिचे बोलणेही थांबले नाही.

अध्यापकांना आधी सुटल्यासारखे वाटले. मग ती सुटका त्यांना टोचू लागली. ज्या घासापाशी ते अडले, तो एका मुलीने काहीच न जाणता सहज घेतला होता. न जाणता घेणे आणि जाणून घेणे यांत अंतर आहे, हे खरे. परंतु जाणून घेण्याची संधी त्यांना मिळाली होती, आणि ती पुढे गेली होती. वृद्ध गृहस्थांनीही पलीकडे पाहिले असावे. त्यांनी मान वर केली आणि पेला हाती घेतला.

पेला रिकामा होता. तोटीची कळ पेल्याने दाबून धरावी लागते. त्यांच्या कापऱ्या हाताला ते जमेना. गरम पाण्याचे दोन थेंब त्यांच्या बोटांवर उडाले. अध्यापकांनी हात पुढे केला, त्यांच्या हातून तो पेला घेतला, भरला आणि समोर ठेवला. पेल्याच्या कडेला त्यांच्या ओठांची ओल होती, ती अध्यापकांच्या बोटांना लागली. वृद्ध गृहस्थांनी वाकून आभार मानले; अध्यापकांनीही, बसल्या जागी जमेल तेवढे, वाकून उत्तर दिले. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. त्या एका पेल्याने चिंचेखालचे काही फिटले, असे अध्यापकांना वाटले नाही. ज्याचे देणे होते तो तिथे नव्हता. तो आता कुठे आहे, आहे की नाही, याची चौकशी त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही केली नव्हती.

‘बाबा, वाईला तुमच्या ओळखीचे कोणी राहिले आहे का अजून?’ परतीची तिकिटे काढायची होती, म्हणून लेकीने सहज विचारले.

‘एक असावा,’ ते म्हणाले. ‘बघून यायला हवे.’

लेकीने खूण केली. सेविका आली आणि बोटाने रंगवार बश्या मोजू लागली. कारागिरांनी पुन्हा एका सुरात पुकारा केला, या वेळी निरोपाचा. बाहेर बाजारातल्या दुकानांवरून बर्फाचे पाणी ठिबकत होते. दोघांच्या मिळून तेरा बश्या झाल्या. त्यांत गोड कोळंबीची एकही नव्हती.